राजगुरुनगर ते कॅनडा : जोडीदाराच्या प्रायोजकत्वावर जाताना

प्रायोजक कोण? १८ वर्षे पूर्ण झालेला कॅनडाचा नागरिक किंवा तिथे राहणारा कायमस्वरूपी रहिवासी. पती किंवा पत्नीच्या खर्चाची हमी ३ वर्षांची. जोडीदारासाठी इंग्रजीची परीक्षा नाही.

निघण्यापूर्वी
- विवाह प्रमाणपत्र : नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली. गावात ग्रामपंचायतीत, राजगुरुनगरात नगरपरिषदेत. लग्नपत्रिका आणि फोटो हे पूरक पुरावे.
- नाव : लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलले असेल, तर पासपोर्ट, आधार, दाखले यांतला फरक कागदोपत्री जुळवावा लागतो.
- भाषांतर : मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर.
- पोलीस दाखला : अर्ज पासपोर्ट सेवेमार्फत.
- वैद्यकीय तपासणी : फक्त कॅनडा सरकारच्या यादीतील डॉक्टरांकडे.
- वाहन परवाना : आंतरराष्ट्रीय परवाना पिंपरी-चिंचवड आरटीओतून (एमएच-१४).

सामानात
- मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या : फोटो, वर्णन आणि किमतीची यादी सोबत.
- मसाले, लोणची, पापड : खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करणे बंधनकारक.
- १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम : जाहीर करणे बंधनकारक.

पोहोचल्यावर
- नऊ अंकी सामाजिक विमा क्रमांक : नोकरीसाठी आवश्यक.
- आरोग्य विमा : प्रांताकडून. काही प्रांतांत तीन महिन्यांपर्यंत प्रतीक्षा.

फरक लक्षात ठेवा
- कायम रहिवास टिकवण्यासाठी : ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात.
- नागरिकत्वासाठी : ५ वर्षांत १,०९५ दिवस.
- नव्या जोडीदाराने दोन वर्षे एकत्र राहण्याची अट २०१७ मध्ये रद्द. छळ होत असल्यास वेगळे राहिल्याने कायम रहिवास जात नाही.