ऐकणारी बाई
(लेखमाला : विसंबून – लेखांक ७)

भालकी-औरादकडच्या घरात आई पोराची तक्रार करते ती अशी : "पोरगं ऐकतच नाही बघा." पोराचे कान ठणठणीत असतात. पलीकडच्या गल्लीत पाव विकणाऱ्याची घंटा वाजली तरी त्याला बरोबर कळतं. आईचं म्हणणं एवढंच की सांगितलेलं तो करत नाही. शेजारची कन्नड बोलणारी आई आपल्या पोराला "मातु केळु" म्हणते, तेव्हा तिचाही अर्थ तोच. त्यात 'केळु' म्हणजे ऐकणं आणि विचारणं, मागणंसुद्धा. दोन भाषांच्या शिवेवर वाढलेल्या आपल्या माणसांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

'आज्ञापालन' हा शब्द मला कधीच फारसा आवडला नाही. त्याला कवायतीच्या मैदानाचा वास येतो. पवित्र शास्त्राच्या मूळ इब्री भाषेत त्यासाठी असा वेगळा, ताठ शब्द नाही. तिथेही 'शमा' म्हणजे ऐकणं, आणि ऐकून तसं वागणं. शमुवेल शौल राजाला बजावतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, तिथे हाच धातू आहे. म्हणजे आपल्या भालकीच्या आईचं मराठी इब्रीच्या जास्त जवळ, आणि व्यासपीठावरचं आपलं मराठी जरा लांब!

हा धातू जिने स्वतः इब्री शिकून मराठीत आणायचा प्रयत्न केला, तिच्यावर आजचा लेखांक आहे. पंडिता रमाबाई. त्यांना आपण केडगावच्या म्हणतो, आणि कलबुर्गीशी त्यांचं असलेलं नातं विसरतो. १९१२-१३च्या सुमारास रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमाबाई यांनी त्या वेळच्या गुलबर्ग्यात ख्रिस्ती शाळा काढली. मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत मागासलेलं. पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी केडगाववरून पुढे सोलापूर, गुलबर्गा करत वाडीला जाते. मुंबई-रायचूर हा लोहमार्ग १८७१पासूनचा आहे. मायलेकींच्या कामाची दोन ठिकाणं एकाच रुळांवर होती. शिवाय रमाबाईंचा जन्मही कर्नाटकातला, २३ एप्रिल १८५८चा, गंगामूळच्या रानातला. इकडचा मुलूख त्यांना परका नव्हता.

त्यांचं 'ऐकणं' कसं होतं ते पाहायचं तर इंग्लंडला जावं लागेल. १८८३ साली त्या तिथे गेल्या आणि २९ सप्टेंबरला वॉण्टेज येथे मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. मराठी घरातली ही हाक इंग्लंडातल्या मठात पोचली, याची मला अजून गंमत वाटते. पण आजीबाईंशी त्यांचं लवकरच वाजलं. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाजलं, मनोरमेला कोणत्या वळणावर वाढवायचं यावर वाजलं. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं, ही कल्पना चर्चच्या वरिष्ठांना रुचली नाही, त्यावरूनही वाजलं. आजीबाईंना वाटे, नुकतीच बाप्तिस्मा झालेली मुलगी, तिने मंडळीचं ऐकावं. रमाबाईंचं म्हणणं असं की देवाचं वचन मी मानते, पण धर्माधिकाऱ्याचा शब्द आणि देवाचा शब्द एकच आहेत हे मानायला मी तयार नाही. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान मोकळी करून घेतलेली बाई दुसरीच्या जोखडात ती घालणार नव्हती. हा सगळा पत्रव्यवहार छापलेला आहे. ती पत्रं वाचताना काही ठिकाणी मला आजीबाईंची दयाही येते. त्यांची माया खरी होती.

आपल्या मंडळ्यांमध्ये आज्ञापालनावर उपदेश होतो तेव्हा फार वेळा पाळकांचं, वडीलधाऱ्यांचं, नवऱ्याचं ऐकावं इथे तो येऊन थांबतो. रमाबाईंच्या आयुष्यात हा शब्द नेमका उलट्या बाजूने आला. देवाचं ऐकायचं म्हणून त्यांना वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणावं लागलं. १८९३मध्ये पुण्यात शारदा सदन या रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेवरून गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी पाठिंबा काढून घेतला, तेव्हाही हेच. फरक इतकाच की समोर इंग्रज साध्वी नव्हती, आपलीच सुधारक मंडळी होती.

आता विसंबण्याचं. सदनासाठी अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत देण्याची हमी दिली होती. ती मुदत संपत आली त्या सुमारास रमाबाईंच्या वाचनात ब्रिस्टलच्या अनाथालयाचे जॉर्ज म्युलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रं आली. माणसांकडे हात न पसरता देवावर भार टाकून मोठी कामं चालवणारी ही माणसं. असं हिंदुस्थानात होईल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला, आणि त्यांनी ते करून पाहिलं. १८९६च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे ३०० मुली-बायका केडगावला आणल्या. १९००च्या दुष्काळानंतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात १,९००च्या आसपास जीव होते. ठरलेल्या उत्पन्नाची हमी नसताना एवढी तोंडं.

पण हा भरवसा हात बांधून बसलेला नव्हता, आणि त्याचं कारण फार जुनं आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई अन्नावाचून खंगून गेले. घरात पुराणं मुखोद्गत होती. पोट भरण्याचा दुसरा कोणताही उद्योग मात्र कोणाला येत नव्हता, कारण तो शिकायचाच नाही असं वळण होतं. ती उपासमार त्या मुलीने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून केडगावला प्रार्थनेइतकीच शेती होती, विणकाम होतं, गाईगुरं होती, छापखाना होता आणि खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या. बसवकल्याणच्या मातीत बाराव्या शतकात 'कायक' म्हणजे श्रमालाच भक्तीचं मोल दिलं गेलं. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला केडगावची ही रीत समजायला त्यामुळे वेळ लागू नये.

देवावर विसंबलं की सगळं सुरळीत होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे जरा थांबावं. वैधव्य आणि दुष्काळ पाहिलेल्या या बाईने आपलं काम पुढे कोण सांभाळणार हे ठरवलं होतं : मनोरमा. २४ जुलै १९२१ रोजी चाळीस वर्षांची मनोरमा आईआधी गेली. सारी भिस्त जिच्यावर, तीच उरली नाही. देवाने असं का केलं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ ते चटकन असतं त्यांच्या शेजारी मला अंत्यविधीच्या दिवशी बसवत नाही. रमाबाईंनी पुढे काय केलं ते मात्र सांगता येतं. त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. इब्री-ग्रीकवरून संपूर्ण शास्त्राचं मराठी भाषांतर त्या वर्षानुवर्षं करत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतर नऊ महिनेही झाले नव्हते, ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, आणि तोवर ते काम पुरं केलं होतं. ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला.

या भाषांतराकडे बघण्यासारखं आहे ते भाषेमुळे. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली, तिने संस्कृत शब्दांचा डोलारा जाणूनबुजून बाजूला ठेवला. मुक्तीतल्या, जेमतेम अक्षर शिकलेल्या बायकांना कळावं एवढ्यासाठी. पंडिताने आपली पंडिताई खाली ठेवणं हे मला त्यांच्या सगळ्या आज्ञापालनातलं सर्वांत अवघड वाटतं. पुढे घराघरात बायबल सोसायटीचंच भाषांतर रुळलं, आणि केडगावची प्रत मागे पडली.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागात जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये आजीच्या ट्रंकेत अशी एखादी प्रत असण्याची शक्यता आहे. मुखपृष्ठ गेलेलं असेल, कडा वाळवीने खाल्लेल्या असतील. रद्दीत घालू नका. आधी आत केडगाव किंवा मुक्ती असं छापलेलं आहे का ते बघा, आणि सापडली तर आपल्या पाळकसाहेबांना दाखवा.