सुरक्षा तपासणीचे बिल : कायद्याची रक्कम कोणती, डीलरची कोणती?

सर्व्हिसिंगसाठी दिलेली मोटार परत घेताना हाती येणाऱ्या बिलात 'सेफ्टी इन्स्पेक्शन', 'आरटीओ तपासणी', 'हँडलिंग चार्जेस' अशा नावांच्या रकमा अनेकदा आढळतात. त्या कायद्याने देणे बंधनकारक आहेत, अशी बहुसंख्य वाहनधारकांची समजूत असते. प्रत्यक्षात यांतील काही रकमा शासकीय नियमांनुसार ठरलेल्या असतात, काही तपासण्या पूर्णपणे विनामूल्य असतात, तर उरलेली आकारणी ही केवळ डीलरची मागणी असते. ती मान्य करणे वा न करणे ग्राहकाच्या इच्छेवर अवलंबून आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगावमार्गे बंगळुरूला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ पुढे चेन्नईकडे वळताना ज्या होसकोटे गावावरून जात असे, ते बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आज औद्योगिक पट्टा म्हणून ओळखले जाते. व्होल्वो कंपनीचा अवजड वाहनांचा कारखाना १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच परिसरात सुरू झाला. नोकरीनिमित्त बंगळुरू परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील डीलरशी व्यवहार करावा लागतो. मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्याने तपासणीसंबंधीचे मूलभूत नियम होसकोटे आणि सोलापूर येथे सारखेच आहेत.

बिलातील रकमेचा उलगडा करण्यासाठी एक प्रश्न पुरेसा ठरतो : ही तपासणी कोणी मागितली आहे?

कायद्याने मागितलेली तपासणी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राची अट प्रवासी व मालवाहतूक करणाऱ्या परिवहन वाहनांना लागू आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्या काळात तिच्यासाठी कायद्याने ठरवलेली नियतकालिक सुरक्षा तपासणी अस्तित्वात नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र मात्र वेळोवेळी घ्यावे लागते. त्यामुळे चार वर्षे जुन्या खासगी मोटारीच्या बिलात 'अनिवार्य सुरक्षा तपासणी' असे लिहिलेले असेल, तर ती कोणत्या नियमानुसार अनिवार्य आहे, हे लेखी विचारण्यास हरकत नसावी.

१५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना वाहन तपासले जाते. त्यासाठी मोटारीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये झाले. दिल्ली परिसरातील जुन्या वाहनांचे नियम वेगळे आहेत. हे शुल्क शासनाकडे जमा होते आणि त्याची पावती मिळते. डीलरने ग्राहकाच्या वतीने तेवढेच शुल्क भरून तेवढेच वसूल केले व बिलात स्वतंत्र दाखवले, तर त्या रकमेवर जीएसटी आकारला जात नाही. 'आरटीओ शुल्क' म्हणून दाखवलेल्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला, तर त्यात डीलरची स्वतःची आकारणी मिसळली असण्याची शक्यता अधिक असते.

नव्या वाहनाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, त्याच राज्यात नोंदवल्या जाणाऱ्या नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी अर्ज करण्याची जबाबदारी डीलरवर टाकण्यात आली. अधिकृत डीलरने विकलेले वाहन पहिल्या नोंदणीसाठी प्राधिकाऱ्यासमोर हजर करण्याची अटही काढून टाकण्यात आली. जी तपासणी होतच नाही तिचे शुल्क कसले, आणि जे काम कायद्याने डीलरकडेच सोपवले आहे त्यासाठी हँडलिंगचा वेगळा आकार का, हे प्रश्न ग्राहकाने गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच विचारावेत. पैसे भरल्यानंतर विचारलेल्या प्रश्नांना शोरूममध्ये फारशी किंमत नसते.

उत्पादकाने मागितलेली तपासणी

एअरबॅग, ब्रेक किंवा इंधननलिका यांत दोष आढळल्यास उत्पादक कंपनी वाहने परत बोलावते. यालाच 'रिकॉल' म्हणतात. भारतात वाहन उद्योगाच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये याविषयी ऐच्छिक संहिता स्वीकारली होती. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश आता केंद्र सरकार देऊ शकते व उत्पादकाला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रिकॉलमध्ये दोषाची तपासणी, सुटा भाग आणि मजुरी यांपैकी कशाचाही भार ग्राहकावर पडू नये, हे यातील मूळ तत्त्व आहे. मात्र अशा कामासाठी गाडी कार्यशाळेत गेली की त्याच भेटीत इतर कामांची यादी पुढे केली जाणे शक्य असते. अशा वेळी रिकॉलच्या कामाचे जॉबकार्ड स्वतंत्र काढून घेणे इष्ट. आपली गाडी यादीत आहे किंवा नाही, हे अनेक उत्पादकांच्या संकेतस्थळावर चॅसिस क्रमांक देऊन पाहता येते.

कार्यशाळेने मागितलेली तपासणी

खरा गुंता येथे आहे. 'मोफत ४० कलमी तपासणी' झाल्यावर इंजिन फ्लशिंग, इंजेक्टरची स्वच्छता, अंडरबॉडी कोटिंग, एसीचे निर्जंतुकीकरण अशी कामे सुचवली जातात. त्यांपैकी एखादे काम उपयुक्तही असू शकते. परंतु दोष शोधणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा एकच असल्यामुळे ग्राहकाचा विश्वास डळमळतो. याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. सर्वच सूचना लूट समजणारा ग्राहक झिजलेले ब्रेक पॅड बदलण्याचा खरा सल्लाही धुडकावून लावतो.

हितसंबंधांचा हा संघर्ष शासनानेही ओळखलेला दिसतो. परिवहन वाहनांची योग्यता तपासणी टप्प्याटप्प्याने स्वयंचलित चाचणी केंद्रांकडे सोपवण्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये जे नियम अधिसूचित झाले, त्यांत अशा केंद्राने केवळ चाचणी करावी, वाहनांची दुरुस्ती किंवा वाहने व सुट्या भागांची विक्री करू नये, अशी अट घालण्यात आली. ब्रिटनने वेगळा मार्ग निवडला. तेथील वार्षिक 'एमओटी' चाचणी दुरुस्ती करणारे गॅरेजही करू शकते, मात्र चाचणीचे कमाल शुल्क सरकार ठरवते आणि दुरुस्ती अन्यत्र करून घेण्याची मुभा वाहनधारकाला असते. अमेरिकेतील टेक्सास राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून अव्यावसायिक वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणीच रद्द केली. हा उपाय रोगापेक्षा जालीम म्हणावा लागेल.

भारतात खासगी मोटारींच्या कार्यशाळांवर अशी कोणतीही विभागणी नाही. म्हणून पडताळणी ग्राहकालाच करावी लागते. मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली नियमानुसार किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि ती दाखवणारी खूण टायरवरच असते. ब्रेक पॅड किती उरले, हे चाक काढल्यावर डोळ्यांनी पाहता येते. जो दोष मोजता वा दाखवता येतो तो दाखवण्याचा आग्रह धरावा. ज्याचे माप सांगता येत नाही त्या कामासाठी दुसरे मत घ्यावे. जॉबकार्डवर 'लेखी संमतीशिवाय जादा काम करू नये' असे स्वाक्षरीपूर्वीच लिहावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत.

बाहेरच्या गॅरेजचा पर्याय पूर्वी नावापुरताच होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग व निदानाची साधने मिळू न दिल्याबद्दल. या निर्णयाला पुढे न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि दुरुस्तीच्या बाजारपेठेतील ग्राहकाची अडवणूक त्यातून प्रथमच अधिकृतपणे नोंदली गेली.

बिलावर वाद झाल्यास

रक्कम अमान्य असली तरी चाव्या हिसकावून गाडी नेणे हा मार्ग नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत कार्यशाळा वाहन ताब्यात ठेवू शकते. हा अधिकार संमतीविना केलेल्या कामापर्यंत पोहोचत नाही. पण हा भेद काउंटरवर सिद्ध करणे अवघड असते. त्यामुळे हरकत बिलावर लेखी नोंदवून रक्कम भरणे आणि नंतर दाद मागणे अधिक व्यवहार्य ठरते. बिल देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

प्रथम डीलर व उत्पादक यांच्याकडे लेखी तक्रार, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि अखेरीस जिल्हा ग्राहक आयोग, असा क्रम सर्वसाधारणपणे ठेवता येतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तक्रारीचे शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी दाद मागण्याची सोय दिली आहे. होसकोटे येथील कार्यशाळेने केलेल्या आकारणीविरुद्ध, दरम्यान गावी परतलेला ग्राहक सोलापूर किंवा बेळगाव येथील जिल्हा आयोगापुढेही तक्रार दाखल करू शकतो. तक्रार ऑनलाइन नोंदवण्याची व्यवस्थाही उपलब्ध आहे.