परसातील अनोळखी जनावर : ओळख कशी पटवावी?

ठाणे शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकाठी कोलशेत हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव आहे. भातशेती, मासेमारी आणि खाडीतील रेती यांवर पूर्वी येथील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चाले. आज हा भाग ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असून गावठाणाच्या भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि गावाच्या एका अंगास खाडी व तिवरांचे रान आहे, आणि दुसऱ्या अंगास घोडबंदर रस्त्यापलीकडे येऊरचे डोंगर लागतात. हे डोंगर सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग होत. रान आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात माणसाची वस्ती वाढली, परंतु जनावरांच्या जुन्या वाटा पुरत्या मोडल्या नाहीत. यास्तव परसातील पपईच्या झाडावर, कौलांवर किंवा इमारतीच्या आवारभिंतीवर रात्री एखादे अनोळखी जनावर दिसले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. अंधारात दोन डोळे चमकले, की कोणी ‘बिबट्याचे पिल्लू’ म्हणतो, कोणी ‘वाघाटी’ म्हणतो, आणि ओळख पटण्यापूर्वीच काठ्या गोळा होतात. अशा घाईत निरुपद्रवी प्राण्याचा हकनाक जीव जातो. उलट, खरोखरीचे धोक्याचे जनावर असेल, तर गर्दीतीलच कोणी जखमी होतो. बिबट्या वस्तीत येतो, हे खोटे नाही. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्याच्या समतानगर भागातील एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. पुढे जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात त्यास बेशुद्ध करून पकडण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील एका इमारतीत शिरलेल्या बिबट्याने काही जणांना जखमी केले. परंतु परसात दिसणारे प्रत्येक ठिपकेदार किंवा लांब शेपटीचे जनावर बिबट्या नसते. तेव्हा आधी ओळख, मग उपाय, हाच क्रम पाळला पाहिजे.

प्रथम शेपटी पाहावी

रात्रीच्या अंधुक उजेडात अंगाचा रंग फसवतो आणि आकार असतो त्याहून मोठा भासतो. शेपटी मात्र सहसा फसवत नाही. म्हणून जनावर दिसताच प्रथम त्याच्या शेपटीकडे लक्ष द्यावे.

शेपटी जवळजवळ धडाइतकीच लांब, काळपट आणि वलये नसलेली असेल, अंग राखी-काळसर व केस राठ असतील, पाय आखूड आणि तोंड निमुळते असेल, तर ते उदमांजर समजावे. डोळ्यांभोवती काळा पट्टा व त्यालगत पांढुरके डाग असल्यामुळे त्याने मुखवटा घातल्यासारखे वाटते. पाठीवर काळसर रेघा किंवा ठिपक्यांच्या ओळी असतात. वजन साधारणतः दोन ते पाच किलो भरते. झाडावर, तारेवर किंवा पावसाच्या पाण्याच्या नळावरून सहज चढणारे निशाचर जनावर दिसले, तर प्रथम उदमांजराचाच विचार करावा.

शेपटीवर काळ्या-पांढऱ्या वलयांची स्पष्ट रांग असेल, पाठीवर लांब रेघा आणि कुशीवर ठिपक्यांच्या ओळी असतील, तर ते जवादी मांजर होय. हे बहुधा जमिनीवरच वावरते आणि गवत, झुडपे व बांध यांच्या आडोशाने फिरते. ठिपक्यांमुळे याचीच गणना वारंवार बिबट्याच्या पिल्लांत होते. परंतु बिबट्याच्या पिल्लाचे तोंड मांजरासारखे आखूड व गोल असते. जवादीचे तोंड मुंगसासारखे पुढे निमुळते झालेले असते.

शेपटी आखूड, टोकाकडे काळ्या वलयांची, पाय उंच, अंग बिनठिपक्यांचे व मातकट, आणि कानांच्या टोकांस काळ्या केसांचे लहान झुबके असतील, तर ते बाऊल, म्हणजे रानमांजर. ते खाडीकाठच्या बोरूत, उसात व गवतात राहते आणि दिवसाही दृष्टीस पडते.

कुत्र्यासारखा बांधा, झुपकेदार शेपटी व तिचे टोक काळे असेल, तर तो कोल्हा होय. ठाणे खाडीच्या तिवरांत कोल्हे आजही आहेत. दिवसाउजेडी जमिनीलगत लगबगीने पळणारे, बुडाशी जाड व टोकाकडे निमुळत्या शेपटीचे करड्या रंगाचे जनावर मुंगूस असते. त्याची ओळख खेड्यातील मुलांनाही सांगावी लागत नाही.

बिबट्याची शेपटी फार लांब व जाड असून तिच्यावरही ठिपके असतात. अंगावरील ठिपके सुटे नसून फुलांच्या पाकळ्यांप्रमाणे झुबक्यांनी असतात. त्याचा आकारही मोठ्या कुत्र्याहून कमी भासत नाही.

जनावर दिसले नाही तर

पुष्कळदा जनावर दिसत नाही. सकाळी केवळ खुणा आढळतात. अशा वेळी संध्याकाळी त्याच्या येण्याच्या वाटेवर चाळलेली राख किंवा बारीक ओली माती पातळ पसरून ठेवावी. सकाळी उमटलेल्या ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइल फोनवर छायाचित्र घ्यावे. मांजर कुळातील प्राण्यांच्या ठशात चार बोटे दिसतात आणि नखे उमटत नाहीत. कुत्रा व कोल्हा यांच्या ठशात चार बोटे असून नखेही उमटतात. उदमांजराच्या पायास पाच बोटे असतात. घरच्या मांजराचा ठसा सुमारे तीन सेंटिमीटर, तर पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा सात सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद असतो.

विष्ठाही बरेच सांगून जाते. भिंतीच्या माथ्यावर, आडव्या फांदीवर किंवा दगडावर अख्ख्या बियांनी भरलेली विष्ठा वरचेवर आढळली, तर ती बहुधा उदमांजराची असते. ते वावरले त्या जागी सुवासिक तांदूळ शिजत असल्यासारखा वास येतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. माळ्यावर रात्री धावपळ ऐकू येते आणि दिवसा शांतता असते, हीही त्याची एक खूण आहे.

नावांचा घोटाळा

एकाच प्राण्याची नावे गावोगावी बदलतात, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. उदमांजरास कोठे कांडेचोर म्हणतात, तर कोठे मसण्याऊद. काही भागांत ‘ऊद’ या नावाने पाण्यात राहणारे पाणमांजर ओळखले जाते. मसण्याऊद या नावामुळे त्याच्याविषयी स्मशानाशी निगडित भीती पसरली आहे. वस्तुतः त्याचा मुख्य आहार फळे, किडे, उंदीर व लहान पक्षी हा आहे. म्हणून गावकऱ्याने सांगितलेले नाव तेवढे लिहून घेऊन थांबू नये. त्यासोबत शेपटी, तोंड, वेळ व जागा हेही विचारून घ्यावे.

लाभ आणि हानी

उदमांजर पिकलेला चिकू, पपई, आंबा व केळी खाते आणि ताडाला लावलेल्या मडक्यातील ताडीही पिते. ही हानी नाकारता येत नाही. परंतु ते उंदीर खाते, आणि जांभूळ, उंबर यांसारख्या झाडांच्या बिया विष्ठेवाटे दूरवर पसरवते. जवादी व बाऊल कोंबड्या मारतात. पण त्यांच्या रोजच्या आहारात उंदरांचा वाटा मोठा असतो. शेतातील उंदीर वर्षभर धान्य खातात, तर एखादी कोंबडी क्वचित जाते. शेतकऱ्याने हा हिशेब मनाशी मांडून पाहावा.

कोंबड्यांचे खुराडे संध्याकाळी बंद करावे. त्यास बारीक छिद्रांची मजबूत तारेची जाळी लावावी व जाळीची खालची कड जमिनीत पुरावी. झाडावरील फळे पाडाला लागताच उतरवावीत आणि गळालेली फळे रोज उचलावीत. छपरास टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. उंदरांसाठी विषारी आमिष मोकळ्यावर टाकू नये. विषाने मेलेला उंदीर खाऊन त्याचा शिकारीही मरतो, आणि पुढे उंदीरच माजतात. उघड्यावरील कचरा व उष्टे अन्न यांमुळे भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून आवाराची स्वच्छता हा या कामी सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काय करावे, काय टाळावे

जनावर लहान असो वा मोठे, त्याला घेरू नये. पळून जाण्यास एक वाट मोकळी ठेवून माणसांनी दूर व्हावे. परसात आलेली बहुतेक जनावरे आपोआप निघून जातात. ते घरात, विहिरीत किंवा टाकीत अडकले असेल, जखमी असेल, किंवा बिबट्या असल्याचा संशय असेल, तर दारे लावून घ्यावीत, मुलांना आत ठेवावे आणि वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यास मारणेच नव्हे, तर पकडणे व सापळा लावणे हेही शिकारीत मोडते व शिक्षेस पात्र ठरते. पकडून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून देणे हाही उपाय नव्हे.

माळ्यावर पिल्ले आढळल्यास घाई करू नये. पिल्ले हिंडूफिरू लागली, की आई त्यांना घेऊन जाते. सर्व जनावरे बाहेर पडल्याची खात्री झाल्यानंतरच भोक बुजवावे. ऊसतोडणीच्या वेळी सापडणाऱ्या पिल्लांनाही हेच लागू आहे. बिबट्याची म्हणून उचलून आणलेली पिल्ले पुष्कळदा बाऊल किंवा वाघाटी यांची निघतात. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आसपासच भरते. पिल्ले कोणाचीही असोत, त्यांना हात न लावता तेथील तोडणी थांबवावी, मजुरांना दूर न्यावे आणि वनविभागास कळवावे. आई बहुधा जवळच असते, आणि ती बिबट्या असल्यास माणसाने तेथे रेंगाळणे धोक्याचे आहे.

कोणताही प्राणी चावल्यास किंवा त्याने ओरबाडल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालयात जाऊन रेबीजप्रतिबंधक लस घ्यावी. कोल्हा किंवा दुसरा कोणताही रानटी प्राणी माणसाला न भिता अंगावर येत असेल, झोकांड्या खात असेल, तर रेबीजचा संशय धरावा.

कार्यकर्त्यांचे काम

गावातील कार्यकर्त्याने एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, जागा, शेपटीचे वर्णन, ठशाचे माप आणि झालेले नुकसान एवढीच नोंद पुरे आहे. एका वर्षाच्या नोंदी जमल्या, की कोणते जनावर कोणत्या हंगामात व कशाच्या मोहाने येते, हे गावाला कळते. मग फळांची राखण आणि खुराड्याची डागडुजी वेळेवर होते. शाळेतील मुलांना या नोंदी दाखवून जनावरांची ओळख करून द्यावी. घरोघरी ही माहिती मुलेच लवकर पोहोचवतात. ज्या गावाला उदमांजर व बिबट्या यांतील भेद कळतो, त्या गावात रात्रीच्या एका हाकेने काठ्या निघत नाहीत, आणि खरोखर बिबट्या आला, तर गर्दीही जमत नाही.