गोळा भरीव की पोकळ?

मे 1818 मध्ये इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांचा मारा केला. त्या तोफांचे गोळे पोकळ असत. आत दारू ठासलेली, भोकात बत्ती बसवलेली. गडावरच्या वाड्याला आग लागली आणि 10 मे रोजी गड पडला. भरीव गोळेही त्या काळी सर्रास वापरात होते. गंजाची पुटं चढली, बत्तीचं भोक बुजलं, की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून जुन्या गोळ्याचं जतन गंज घासण्यापासून नव्हे, ओळखीपासून सुरू होतं. ओळखीचा पहिला आधार वजन. दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव बिडाचा गोळा साधारण पावणेचार किलो भरतो; त्याहून बराच हलका असेल तर आत पोकळी असण्याचा संभव मोठा. पण वजनावर विसंबणंही धोक्याचं, कारण जमिनीत किंवा समुद्रात बिडातलं लोखंड झिरपून जातं, मागे ग्राफाइटचा सांगाडा उरतो आणि भरीव गोळाही हलका होतो. खात्रीचा निवाडा क्ष-किरणच देतात.

‘दोनशे वर्षांत दारू मेली असेल’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. बंद लोखंडात ती आपोआप कुजत नाही. ओलीने निकामी झालेली दारू वाळल्यावर पुन्हा पेट घेऊ शकते. 2008 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धातला आरमारी गोळा निकामी करताना एक अनुभवी संग्राहक ठार झाला. गोळा तेव्हा जवळपास दीडशे वर्षांचा होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पोलिसांना कळवलं की गोळा उडवून टाकतात, वारसा जातो. तसं घडतं, हे मान्य करायला हवं. पण दुरून यंत्राने, पाण्याच्या धारेखाली भोक पाडून दारू धुऊन काढता येते आणि गोळा शाबूत राहतो. त्यासाठी बॉम्बशोधक पथकासोबत पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर हवा. पुढचं काम सावकाशीचं: अल्कलीच्या द्रावणात महिनोन्महिने बुडवून क्षार काढणं, मग टॅनिक आम्ल, शेवटी मेणाचा लेप. क्षार आत राहिले तर कोकणच्या दमट हवेत गोळ्याचे पापुद्रे सुटत जातात. वायरब्रशने चकचकीत केलेल्या गोळ्यावरच्या साच्याच्या खुणाही कायमच्या पुसल्या जातात.

गोळा सापडला तर हलवू नका. दुरून छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा, 112 वर कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.