चित्रातला कोट आणि फळीवरचे कापड

युरोपातील जुन्या फॅशन-नियतकालिकांत पुरुषांची जी चित्रे छापलेली असत, ती पाहताना प्रथम डोळ्यांत भरते ती त्यांची ऐट. हातात काठी, गळ्याशी शुभ्र गळपट्टा, चेहरा निर्विकार आणि अंगावरच्या कोटाला एकही सुरकुती नाही. ही चित्रे केवळ श्रीमंतांच्या हौसेसाठी छापली जात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती व्यापाराचीही कागदपत्रे होती. उद्या कोणत्या कापडाला मागणी येणार आणि कोणते दुकानाच्या फळीवर पडून राहणार, याची पहिली चाहूल त्यांतून लागत असे.

या परंपरेचा आरंभ पॅरिसमध्ये झाला. झाँ दोनो द व्हिझे याने १६७२ मध्ये ‘मर्क्यूर गॅलाँ’ हे नियतकालिक सुरू केले. राजदरबारातील वार्ता आणि वाङ्मय यांबरोबरच त्यात पोशाखांचीही चर्चा असे. १६७८ मध्ये त्याने पोशाखांची कोरीव चित्रे छापली. कोणते वस्त्र कशाचे आहे याच्या नोंदींबरोबर, तो माल कोणत्या व्यापाऱ्याकडे मिळेल हेही त्याने दिले. दुकानाची जाहिरात आणि फॅशनची वार्ता यांची सांगड इतकी जुनी आहे.

याच काळातील पॅरिसच्या सुट्या फॅशन-चित्रांत घरी वापरायचा सैल, लांब झगा घातलेले पुरुष दिसतात. इंग्लंडमध्ये या झग्याला ‘बनियन’ असे नाव पडले. त्याचे मूळ ‘वाणियो’ या गुजराती शब्दात, म्हणजे आपल्याकडील व्यापाऱ्याच्या नावात आहे. भारतीय छापील सुती कापडाची तेव्हा युरोपात मोठी चलती होती. लंडनच्या सॅम्युअल पीप्स याने १६६६ मध्ये स्वतःचे चित्र काढून घेण्यासाठी असा भारतीय झगा भाड्याने आणला होता. ही मागणी स्थानिक विणकरांच्या पोटावर येऊ लागली, तेव्हा फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. आज अंतर्वस्त्रासाठी आपण वापरतो तो ‘बनियन’ शब्द या प्रवासातूनच इंग्रजीमार्गे आपल्याकडे परतला आहे.

नियमित फॅशन-नियतकालिकाचे स्वरूप मात्र पुढील शतकात ठरले. नोव्हेंबर १७८५ मध्ये पॅरिसला ‘काबिने दे मोद’ हे पाक्षिक निघाले. आठ पाने आणि ताम्रपटावरून छापून हाताने रंगवलेली तीन चित्रे असा त्याचा अंक असे. वार्षिक वर्गणी २१ लिव्र होती. आरंभीच्या अंकांतील पुरुष रंगीत, पट्ट्यापट्ट्यांच्या रेशमी कोटात दिसतात. बंडीवर कशिदा आणि कोटाला मोठमोठ्या गुंड्या. हे रेशीम येई ते मुख्यतः लिऑन शहरातून.

अवघ्या वर्षभरात या पाक्षिकाचे नाव बदलले आणि नव्या नावात ‘फ्रेंच आणि इंग्लिश’ असे दोन शब्द आले. वाचकाला हा बदल किरकोळ वाटला असेल, परंतु कापडाच्या व्यापाऱ्यासाठी त्यात मोठा अर्थ होता. इंग्लिश पोशाख म्हणजे घोड्यावर बसण्यास सोयीचा, बिनकशिद्याचा, लोकरीचा साधा कोट. गिऱ्हाइकाची नजर रेशमावरून लोकरीकडे वळू लागली होती. त्यातच १७८७ मध्ये कच्च्या रेशमाचे पीक बुडाले आणि लिऑनचे हजारो माग थंडावले. पाठोपाठ १७८९ ची राज्यक्रांती आली. त्या वर्षीच्या ‘इस्टेट्स जनरल’ या सभेत सामान्य वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख नेमून देण्यात आला होता. हलकेपणाची ती खूण पुढे प्रतिष्ठेची ठरली. गडद रंगाचा साधा कोट हा एकोणिसाव्या शतकातील सभ्य पुरुषाचा पोशाख झाला.

या साधेपणाचा लंडनमधील आदर्श म्हणजे जॉर्ज ब्रमेल. गडद निळा कोट, काटेकोर बेतणी आणि खळ घातलेला गळपट्टा यांवर त्याची कीर्ती उभी होती. चित्रात मात्र उधारी दिसत नाही. जुगार आणि कर्ज यांमुळे १८१६ मध्ये त्याला फ्रान्सला पळून जावे लागले. पुढे कर्जापायी तुरुंगवास घडला आणि १८४० मध्ये काँ येथील वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. अशा नामांकित गिऱ्हाइकामुळे शिंप्याचे नाव होई, पण ज्यांचे पैसे बुडाले त्यांची चित्रे कोणी छापली नाहीत.

कोट साधा झाला, तसे सारे महत्त्व कापडाच्या बेतणीला आले. कशिद्याखाली झाकून जाणारा दोष साध्या लोकरीवर लगेच दिसतो. त्यामुळे नियतकालिकांचेही स्वरूप पालटले. लंडनमध्ये १८६६ साली सुरू झालेले ‘टेलर अँड कटर’ हे साप्ताहिक शिंप्यांसाठीच होते. पाठ, मुंढा आणि बाही कशी आखावी याच्या मापांसह आकृत्या त्यात येत. गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून मिळणारी विद्या लहान गावातील कारागिरालाही घरबसल्या उपलब्ध झाली. आपल्या कसबाबद्दल हे साप्ताहिक इतके दक्ष होते, की रॉयल अकादमीच्या प्रदर्शनातील थोरामोठ्यांच्या तैलचित्रांत कोट कसा बसला आहे, याचेही ते परीक्षण करी. विद्या खुली केल्याने धंदा बुडाला नाही. हे साप्ताहिक शंभर वर्षांहून अधिक काळ चालले.

पुढे छायाचित्रे आली, तयार कपडे आले आणि हाताने रंगवलेली चित्रे संग्रहालयांत जाऊन बसली. ती पाहण्याचा योग आला, तर चेहऱ्यावर फार वेळ थांबू नये, कारण चेहरे बहुधा सारखेच असतात. कापड कोणते, रंग कोणता आणि मागच्या वर्षीच्या अंकापेक्षा काय बदलले, हे पाहावे. त्या काळचा जाणता व्यापारीही नेमके तेच पाहत असणार, कारण त्याचे भांडवल त्या कापडात अडकलेले होते.