घरपट्टी भरण्याआधी नमुना ८ वाचूया

कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर आज घरातला एक कागद शोधून ठेवा: ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं बिल किंवा मागच्या वर्षीची पावती. कुणी पत्र्याच्या डब्यात ठेवली असेल, कुणी देवळीत, कुणी गादीखाली. सापडली नाही तरी ऐका. आज आपण त्याच कागदाबद्दल बोलणार आहोत.

मार्च महिना आला की ग्रामपंचायतीचा शिपाई दारोदार फिरतो. घरधनी शेतावर असतो, बिल घेते घरातली बाई. पण बिलावरचे आकडे कुठून आले, कुणी ठरवले, कमी होऊ शकतात का, हे तिला कुणी सांगत नाही. मग दोनच गोष्टी होतात. एक तर मुकाट्यानं पैसे भरले जातात, नाही तर बिल तसंच पडून राहतं आणि थकबाकी वाढत जाते. आमचं म्हणणं आहे की तिसरी वाटही आहे. आधी आकडा तपासायचा, चुकला असेल तर लेखी हरकत घ्यायची, बरोबर असेल तर वेळेत भरायचा, आणि भरलेल्या पैशाचा हिशेब मागायचा.

बिलात काय काय असतं?

आपण सगळ्याला मिळून घरपट्टी म्हणतो, पण बिलात वेगवेगळे रकाने असतात. इमारत आणि जागेवरचा कर म्हणजे खरी घरपट्टी. त्याखाली दिवाबत्ती कर आणि आरोग्य किंवा स्वच्छता कर. मग पाणीपट्टी. सार्वजनिक नळ असेल तर सामान्य पाणीपट्टी, घरात नळ असेल तर विशेष पाणीपट्टी. शेवटी मागील बाकी. हा 'मागील बाकी'चा रकाना नीट बघा. मागच्या वर्षी भरलेली रक्कम तिथे पुन्हा लागली असेल, तर आपल्याकडची पावती हाच पुरावा. म्हणून पावती फेकायची नाही.

घरपट्टी कशी ठरते?

पूर्वी घर किती चौरस फूट आहे, एवढ्यावर कर बसायचा. ३१ डिसेंबर २०१५ रोजी राज्य शासनानं नियम बदलले. तेव्हापासून कर घराच्या भांडवली मूल्यावर बसतो. शब्द मोठा आहे, अर्थ सोपा आहे. जागेची किंमत अधिक बांधकामाची किंमत. जागेचा आणि बांधकामाचा दर सरकारी तक्त्यातून घेतात, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. घर जुनं असेल तर बांधकामाच्या किमतीत घसारा धरून ती कमी करतात. घराचा वापर राहण्यासाठी आहे, दुकानासाठी आहे की कारखान्यासाठी, तेही बघतात. दुकान आणि कारखान्याला राहत्या घरापेक्षा जास्त भार लागतो.

मग येतो कराचा दर. तो दर हजार रुपये मूल्यामागे इतके पैसे असा असतो. मातीच्या घराला कमी, सिमेंट-विटांच्या घराला त्याहून जास्त, आरसीसी घराला आणखी जास्त. प्रत्येक प्रकारासाठी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ही मर्यादा नियमात दिलेली आहे. त्या मर्यादेच्या आत गावचा दर ग्रामपंचायत ठरवते. म्हणजे सगळंच वरून ठरून येत नाही.

एक हिशेब करून बघू. समजा, एका घराचं भांडवली मूल्य चार लाख पंचवीस हजार निघालं आणि दर हजाराला एक रुपया असा ठरला. घरपट्टी झाली ४२५ रुपये. आता तेच घर मातीच्या भिंतींचं असून नोंद आरसीसी म्हणून झाली असेल, किंवा तीस वर्षांपूर्वीचं घर पाच वर्षांपूर्वीचं दाखवलं असेल, तर मूल्यही वाढतं आणि दरही. गरीब घराला श्रीमंत घराचं बिल येतं ते असं.

नमुना ८ म्हणजे काय?

ग्रामपंचायतीचं सगळं दप्तर ठरलेल्या नमुन्यांत असतं. त्यातला नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. गावातल्या प्रत्येक घराची नोंद त्यात असते. नमुना ९ म्हणजे कराच्या मागणीची नोंदवही, कुणाकडून किती येणं आहे ते त्यात असतं. आणि कर भरल्यावर मिळते ती पावती नमुना १० ची.

आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा ग्रामसेवकांकडून मागून घ्या. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. उताऱ्यात पाच गोष्टी तपासा. नाव कुणाचं आहे? लांबी-रुंदी बरोबर आहे का? बांधकाम कशाचं लिहिलंय? बांधल्याचं वर्ष काय? वापर राहण्याचा आहे की व्यवसायाचा? टेप घेऊन घर मोजायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. गटातल्या दोघी मिळून एका संध्याकाळी चार घरं मोजून होतात.

नावाबद्दल थोडं थांबून सांगतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर पती-पत्नी दोघांच्या नावानं लावावं, असा निर्णय राज्य शासनानं २००३ साली घेतला. तरी कितीतरी उताऱ्यांवर अजून सासऱ्यांचंच नाव आहे, किंवा एकट्या नवऱ्याचं. अर्ज देऊन आपलं नाव लावून घ्या. मात्र एक लक्षात ठेवा. नमुना ८ ही करासाठीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. तरीही बाईला घराबाहेर काढायची वेळ आली, तर नाव असलेली आणि नाव नसलेली यांच्यात फरक पडतो.

आकारणीची फेरतपासणी होते तेव्हा नवी यादी ग्रामपंचायतीत लावली जाते आणि हरकतींसाठी मुदत देतात. ती यादी बघायला बायका जात नाहीत, म्हणून हरकतही येत नाही. चूक दिसली तर त्या मुदतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीनं ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

आपला छोटा धंदा आणि गावातले मोठे धंदे

आपल्यातल्या बऱ्याच जणी घरातच काही ना काही करतात. शिलाई मशीन, पापड-लोणची, पिठाची गिरणी, ओट्यावरचं किराणा दुकान. अशा वेळी सगळं घर व्यावसायिक म्हणून लागलं नाही ना, ते बघा. एका खोलीत दुकान असेल तर तेवढ्याच जागेची वेगळी नोंद व्हावी आणि बाकीचं घर राहतं घर म्हणूनच राहावं, असा आग्रह धरा.

उलट बाजूही बघायला हवी. रस्त्याकडेचा ढाबा, लॉज, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, गोदाम, मोबाइलचा टॉवर यांची नोंद नमुना ८ मध्ये आहे का? टॉवरवर मालमत्ता कर बसवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली स्पष्ट केलं आहे. गावातल्या मोठ्या इमारतीची नोंद जुन्या पडवीची असेल आणि विधवा बाईच्या दोन खोल्यांची मात्र चोख असेल, तर अन्याय तिथे आहे. कर कमी करा, असं म्हणण्याआधी कर सगळ्यांना सारखा लावा, असं म्हणायला हवं.

सवलत कुणाला मिळते?

निवडणुकीच्या तोंडावर 'सगळी घरपट्टी माफ' अशी घोषणा ऐकू येते. ग्रामपंचायतीला मनाला येईल तशी सरसकट माफी देता येत नाही, कारण कमीत कमी दराची मर्यादा नियमातच आहे. पण काही सवलती खऱ्या आहेत. चालू वर्षाचा कर ३० सप्टेंबरच्या आत भरला तर ५ टक्के सूट मिळते. ३१ मार्चपर्यंत भरला नाही तर ५ टक्के दंड लागतो. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना घरपट्टी माफ करण्याची योजना राज्यात २०२० सालापासून आहे. आपल्या वाडीत अशी कुणी ताई असेल तर तिला सांगा. अर्ज केल्याशिवाय ही माफी लागत नाही.

थकबाकी साठली असेल तर घाबरून लपू नका. आधी बिल येतं, मग मागणीची नोटीस, आणि तरीही भरलं नाही तर जप्तीपर्यंत जाता येतं. कधी कधी लोक अदालतीची नोटीस येते. ती अटकेची नोटीस नसते, तिथे तडजोड होते. जाऊन सांगा की एकदम भरणं जमत नाही, हप्ते पाडून द्या. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. हे पैसे भरायला सावकाराचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज मात्र काढू नका.

आणखी एक नियम ऐकून ठेवा. कराचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत ग्रामपंचायत सदस्यानं कर भरला नाही, तर त्याचं किंवा तिचं सदस्यपद जाऊ शकतं. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. निवडून आलेल्या कितीतरी जणींच्या घरची घरपट्टी भरणं न भरणं पुरुषांच्या हातात असतं, आणि पद मात्र तिचं जातं. सदस्य असाल तर आपल्या घराची पावती स्वतः बघा.

हा पैसा जातो कुठे?

गावाला दोन वाटांनी पैसा येतो. एक वरून येणारा, दुसरा गावाचा स्वतःचा. वरून येणाऱ्यात मोठा वाटा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात त्यातले ६० टक्के पैसे बंधित होते, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित. पण त्यातूनही पगार आणि कार्यालयाचा खर्च करायला परवानगी नव्हती. म्हणून घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा कमी असला तरी महत्त्वाचा असतो. रोजचा गाडा त्यावर चालतो.

पाणीपट्टी आली नाही की पंपाचं वीजबिल थकतं. वीज तुटली की टाकी भरत नाही, आणि मग हंडा कुणाच्या डोक्यावर येतो ते मी वेगळं सांगायला नको.

आता आपल्या हक्काच्या पैशाबद्दल. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी. हिशेब करून बघू. समजा, गावात ४०० घरं आहेत आणि सरासरी कर हजार रुपये. मागणी झाली चार लाखांची. सगळी वसूल झाली तर महिला व बालकल्याणाचा वाटा ४० हजार. निम्मीच वसूल झाली तर २० हजार. जे २० हजार आले नाहीत, त्यात अंगणवाडीची भांडी आली असती, किंवा मुलींसाठी शिलाईचा वर्ग झाला असता. गावच्या मोठ्या घरांनी कर थकवला की आपल्या लेकरांचा वाटा कमी होतो, तो असा.

हे कुठे विचारायचं?

कायद्यानं प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. वही घरोघर फिरते आणि आपण सह्या करतो. मैत्रिणींनो, न झालेल्या सभेच्या वहीवर सही करायची नाही. सभा घ्या म्हणायचं.

सभेत चारच प्रश्न विचारा. या वर्षी कराची मागणी किती आणि वसुली किती? सर्वांत मोठे दहा थकबाकीदार कोण? महिला व बालकल्याणाचे १० टक्के किती झाले आणि कशावर खर्च झाले? पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी किती धरले आहेत? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि तेच प्रश्न ग्रामसभेत पुन्हा मांडा. उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर हीच माहिती मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

एकटीनं विचारलं की 'तुला काय कळतं' असं ऐकावं लागतं. गटातल्या दहा जणी उतारे हातात घेऊन बसल्या की तसं म्हणणं अवघड होतं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना ८ आणावा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावा. चुका एका कागदावर लिहा आणि सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी देऊन पोच घ्या.

तुमच्या गटानं काय पाहिलं, किती उताऱ्यांवर बायकांची नावं निघाली आणि किती चुका सापडल्या, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात पाणीपट्टी आणि गावच्या पाणीपुरवठा समितीबद्दल बोलू. तोवर नमस्कार.