एकाच घरातले दोन व्याजदर

रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी मुंबईत बसते आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ठरवते. त्या एका आकड्याचा परिणाम कित्येक मराठी घरांत दोन उलट्या दिशांनी होतो. दर उतरला की मुलाच्या गृहकर्जाचा भार हलका होतो आणि त्याच घरात राहणाऱ्या आईवडिलांच्या मुदत ठेवीचं व्याज घटतं. दर चढला की नेमकं उलट घडतं. एका घरात नफा-तोट्याची ही वाटणी कशी होते, याचा हिशोब मात्र बहुतेक कुटुंबं कधी मांडतच नाहीत. वडिलांचं पासबुक वेगळ्या कपाटात असतं आणि मुलाचं कर्ज मोबाइलमधल्या ॲपात. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय बचतीचा किंवा गुंतवणुकीचा शहाणा निर्णय घेता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बारा टक्क्यांची आठवण

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, १९६८ साली सुरू झाला. एप्रिल १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत त्यावर सलग १२ टक्के व्याज मिळत होतं. त्या काळात नोकरी केलेली पिढी आजही हळहळते, की आमच्या वेळी बारा टक्के मिळायचे. आठवण खरी आहे, पण अर्धी. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार १९९१ मध्ये महागाई १४ टक्क्यांच्या आसपास होती. कांद्याने देशभर रडवलं त्या १९९८ मध्ये ती १३ टक्क्यांवर होती. म्हणजे बारा टक्के घेऊनही त्या वर्षांत बचतीची खरेदीशक्ती कमीच झाली.

उलट मार्च २००३ मध्ये पीपीएफचा दर ८ टक्क्यांवर आला, तेव्हा मध्यमवर्ग हवालदिल झाला होता. पण पुढची दोन वर्षं महागाई चारच्या घरात राहिली. महागाई वजा करता हातात चार टक्के खरे उरत होते. पासबुकात छापलेला दर आणि घराला प्रत्यक्ष लाभलेला दर यांत एवढं अंतर असू शकतं.

दर उतरले त्यामागे कारणं होती. पीपीएफसारख्या अल्पबचतीत जमा होणारा पैसा सरकारच कर्जाऊ वापरतं. त्यावर जास्त व्याज द्यायचं तर भार तिजोरीवर पडतो. शिवाय पोस्टाने जास्त व्याज दिलं की बँकांनाही ठेवींवर जास्त द्यावं लागतं आणि कर्जं महाग राहतात. श्यामला गोपीनाथ समितीने २०११ मध्ये हे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडण्याची शिफारस केली. एप्रिल २०१६ पासून दर तिमाहीला त्यांचा फेरविचार होऊ लागला.

तरी हा विषय निव्वळ सूत्राचा नाही. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी सरकारने पीपीएफचा दर ७.१ वरून ६.४ टक्के केल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निर्णय मागे घेतला. पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये तेव्हा निवडणुका चालू होत्या. बचत करणाऱ्याच्या मताला किती वजन आहे, हे त्या एका रात्रीत दिसलं.

हप्ता तोच, मुद्दल जागचं हलेना

आता घरातल्या दुसऱ्या पिढीकडे वळू. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं बंधनकारक झालं. त्याआधी रेपो कमी झाला तरी बँका कर्जदाराला त्याचा लाभ द्यायला वेळ लावत. नव्या पद्धतीत लाभ लवकर पोहोचू लागला आणि फटकाही.

कोविडकाळात रेपो ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत तो ६.५ टक्क्यांवर गेला. समजा, कुणी २०२१ मध्ये ३० लाखांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं. हप्ता सुमारे २२,३७० रुपये. दर ९ टक्के झाला, की ३० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच २२,५०० रुपये होतं! हप्ता जुनाच ठेवला तर नव्या कर्जाचं मुद्दल एका रुपयानेही फिटत नाही, उलट वाढतं. वीस वर्षांतच फेडायचं तर हप्ता जवळजवळ २७,००० रुपये हवा.

अनेक बँकांनी कर्जदाराला फारसं न विचारता मुदत लांबवली. साठाव्या वर्षी कर्जमुक्त होऊ म्हणणाऱ्यांची फेड निवृत्तीनंतरच्या वर्षांत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचं, हे कर्जदाराला निवडू द्यावं. पुढे २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर उतरला. अशा वेळी हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवला, तर वाचलेलं व्याज थेट मुद्दलात जातं. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्या व्यक्तीला बँका २०१२ पासून दंडही लावू शकत नाहीत.

ठेवीची सुरक्षितता

२०१४ च्या सुमारास मोठ्या सरकारी बँकेत एक वर्षाच्या ठेवीवर ९ टक्के मिळत. २० लाखांवर महिन्याला १५,००० रुपये. २०२० च्या अखेरीस तोच दर पाचच्या आसपास आला आणि उत्पन्न साडेआठ हजारांच्या आत. औषधं, दूध, वीजबिल यांतलं काहीच उतरलं नव्हतं. २०२०-२१ ची सरासरी महागाई ६.२ टक्के होती. व्याजावर कर भरणाऱ्याचा तोटा त्याहून मोठा. मुद्दल कागदावर शाबूत राहिलं, त्याची किंमत मात्र घटत गेली.

व्याज अपुरं पडलं, की माणूस अर्धा-एक टक्का जास्त देणारी बँक किंवा पतपेढी शोधतो. इथे अकोल्याची आठवण ठेवावी. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १९६२ पासून विमा सुरू झाला. १९९३ मध्ये एका ठेवीदारामागे एक लाखाचं संरक्षण ठरलं आणि सत्तावीस वर्षं तेवढंच राहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. ती एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या खात्यांना मिळून आहे. आणि पतपेढीच्या ठेवीला हे संरक्षण नाहीच.

बाजाराकडे ओढा

मुदत ठेवीने निराश झालेला पैसा बाजाराकडे वळला. म्युच्युअल फंडांत एसआयपीतून दरमहा येणारी रक्कम एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ३,१०० कोटी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती २५,००० कोटींवर गेली. तिशीतल्या माणसासाठी ही चांगली सवय आहे. पण जानेवारी २००८ मध्ये २१,००० ओलांडलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,००० च्या जवळ आला होता, हेही ध्यानात असू द्यावं. पंधरा वर्षं थांबू शकणाऱ्याने ती घसरण सोसली. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न असलेल्याला ती सोसली नसती.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती झटपट कमाईच्या नादाची. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. ठेवीत मिळणाऱ्या कमी व्याजाची भरपाई तिथे शोधू नये.

घराचा एकत्र ताळेबंद

समजा, मुलगा साडेआठ टक्क्यांनी व्याज भरतो आणि वडिलांना ठेवीवर सात टक्के मिळतात. वीस टक्के कराच्या टप्प्यात ते साडेपाचच्या आसपास उरतात. कुटुंब म्हणून पाहिलं तर दरसाल जवळपास तीन टक्के बँकेला आणि करात जातात. ठेव मोडून कर्ज फेडा, असं गणित सांगेल. ते पूर्ण ऐकू नये. म्हातारपणी स्वतःच्या नावावर पैसा असणं हा आईवडिलांचा आधार आहे. दवाखान्याची वेळ आली तर त्यांना मुलापुढे हात पसरावा लागू नये. आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहावी. एप्रिल २०२३ पासून तीत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि तेव्हा दर ८.२ टक्के झाला. मग किमान वर्षभराचा खर्च आणि आजारपणाची रक्कम बाजूला काढावी. त्यानंतर जे खरोखर जादा आहे, त्यातूनच मदत करावी. तीही रीतसर लिहून, ठरलेल्या व्याजाने, दुसऱ्या मुलाला आणि सुनेलाही माहीत असेल अशी.

यासाठी घराने वर्षातून एकदा एकत्र बसायला हवं. ठेवी, त्यांच्या मुदती, कर्जाचा आजचा दर, उरलेली वर्षं, विमा, नॉमिनी, सगळं एका वहीत यावं. रेपो दर आपल्या हातात नाही, महागाई तर नाहीच. घरात कुणाचं उत्पन्न घटलं आणि कुणाचा हप्ता हलका झाला, हे एकमेकांना माहीत असणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ज्या घराला ते माहीत असतं, तिथे दराचा प्रत्येक बदल कुणा एकाचं नशीब न ठरता सगळ्यांना मिळून वाटून घेता येतो.